विचारायचं आणि ओढायचं

गिरगावातल्या लोकांना कुणाचंही कौतुक करायचं म्हटलं की एखादा मोठा शब्द लागतो. माझ्या वाट्याला 'विश्वास' हा शब्द आला आहे. परवा वाडीच्या गणपतीत एका वकिलाने माझ्या गळ्यात हार घातला आणि अर्धा तास सांगितलं, की या गृहस्थांनी हाडं बसवण्याचा धंदा केवळ विश्वासावर उभा केला. रोग्याशी बोलून, त्याला समजावून, त्याचं ऐकून घेऊन. या वकिलाचा गुडघा मीच बरा केला होता. तेव्हा तो इतका कोकलला होता की शेजारच्या बिऱ्हाडातली माणसं कुणी मेलं की काय म्हणून धावत आली होती. ते त्याने भाषणात सांगितलं नाही. मी पेढा खाल्ला, हार बगलेत मारला आणि घरी आलो. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

खरं सांगायचं तर माझा धंदा उभा राहिला तो फसवण्यावर, आणि ते फसवणं मी वस्तादांकडून रीतसर शिकलो होतो. ही हकीकत प्लेग मुंबईत शिरायच्या आधीच्या वर्षांतली. गिरगावातल्या एका तालमीत मी दहा वर्षं लाल मातीत लोळलो होतो. कुस्तीत माझी अक्कल बेताचीच, पण कुणाचं बोट निखळलं, मनगट मुरगळलं, की वस्ताद मला हाक मारायचे. पैलवानांची हाडं बसवता बसवता मी वाडीतल्या लोकांची बसवू लागलो. वस्ताद शिकवताना फारसं बोलत नसत. त्यांचा एकच नियम होता. आपण काय करणार आहोत ते रोग्याला सांगायचं नाही. सांगितलं की तो अंग आवळतो, आणि आवळलेल्या अंगात हाड जागेवर जात नाही. त्यापेक्षा त्याला काहीतरी विचारायचं. तो उत्तर द्यायला लागला की अंग सैल पडतं. तेवढ्यात ओढायचं.

वस्ताद विचारायचे, "गाव कुठलं?" मी त्यात सुधारणा केली. गावाचं उत्तर एका शब्दात संपतं. मी विचारायचो, "घरी कोण कोण आहे?" आई, वडील म्हणेपर्यंत माणूस सावध असतो. भावंडांवर आला की रमतो, आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या भावंडाला मी झटका द्यायचो. खट्कन आवाज व्हायचा, रोगी बोंबलायचा, आणि काम झालेलं असायचं. या शोधाचा मला केवढा गर्व होता म्हणून सांगू! रस्त्यात पोरं मला बघून एकमेकांना विचारायची, "घरी कोण कोण आहे?" आणि हात ओढून पळायची. मला ते कौतुकच वाटायचं.

फणसवाडीत तळमजल्यावर माझी एक खोली होती आणि तिच्याबाहेर ओटा. सकाळी त्या ओट्यावर रोगी बसायचे आणि रोग्यांपेक्षा दुप्पट रिकामटेकडे. त्यांना आवाज ऐकायचा असायचा. हाड बसल्याचा आवाज मोठा झाला की वैद्य हुशार, आणि बारीक झाला की "आज काय रंगलं नाही," असं बोलत उठून जायचे. नाटकाला गेल्यासारखे बसायचे लेकाचे. पेन्शनीत निघालेला एक शिरस्तेदार तर रोज स्वतःचं आसन घेऊन यायचा. त्याला आयुष्यात कधी साधी ठेचही लागली नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टर बसायचे. बूट, कोट, घड्याळाची साखळी. ते रोग्याशी इंग्रजीत बोलत आणि कंपाउंडरशी मराठीत. रोग्याला जे कळायला हवं होतं ते सगळं कंपाउंडरला कळायचं. त्यांच्याकडून हिरमुसून निघालेले लोक सरळ माझ्या ओट्यावर यायचे. मी डॉक्टरांना मनसोक्त हसायचो. आपणही तेच करतो आहोत, फक्त मराठीत करतो आहोत, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

हाड बसवणं म्हणजे अर्धं कामसुद्धा नव्हे. बसलेला सांधा आवळतो. दोन-तीन आठवडे तो बांधून ठेवावा लागतो, मग तेल लावून, रोज थोडा थोडा हलवून मोकळा करावा लागतो, आणि ते करताना माणसाला दुखतं. हे मला माहीत होतं. पण त्यात आवाज नव्हता, टाळी नव्हती. ते मी जाता जाता, पट्टी गुंडाळता गुंडाळता सांगायचो. "पंधरा दिवसांनी हलवायला लाग हो," एवढंच. फार बोलणारा वैद्य हलका समजला जातो, असं वस्ताद म्हणत, आणि मला हलकं व्हायचं नव्हतं.

अशात श्रावणातल्या एका रविवारी परळहून एक विणकर आला. मूळचा मालवणकडचा, परळच्या एका गिरणीत दोन साचे, म्हणजे माग, सांभाळणारा. चाळीच्या नळापाशी शेवाळावरून घसरला आणि उजवा खांदा निखळला. हात दुसऱ्या हाताने धरून तो परळपासून गिरगावापर्यंत चालत आला होता. ट्रामचे धक्के सोसवेनात म्हणून दोनदा चढून दोनदा उतरला, असं त्याच्या बायकोने सांगितलं. ती त्याच्या मागे उभी होती. काटकुळी, नाकाच्या शेंड्यावर राग. नवरा काही बोलत नव्हता. बोलायचं सगळं काम तिच्याकडे होतं.

मी त्याला चटईवर निजवला, त्याचा हात धरला, काखेत टाच टेकवली आणि विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

"आये आसा, बापूस आसा," तो म्हणाला. "दोन भाव, थोरलो शेती बघता, धाकटो..."

धाकट्यावर मी ओढलं. खांदा असा काही वाजला की ओट्यावर वाहवा झाली. शिरस्तेदाराने मांडीवर थाप मारली. विणकर ओरडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात कृतज्ञता आहे असं मी समजलो. आज मला वाटतं, त्या वेळी मला कुणी दोन ठेवून द्यायला हव्या होत्या.

पट्टी बांधताना त्याच्या बायकोने मला सगळं सांगून टाकलं. जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, दोन्ही साच्यांवर बदली माणूस उभा केला आहे. दसऱ्याला साच्यांची पूजा होते. त्या दिवसापर्यंत हा हात घेऊन उभा राहिला तर साचे याचे, नाहीतर बदलीवाल्याचे कायम. बारा वर्षं धरून ठेवलेले साचे. साच्यावर काम करायचं म्हणजे पुढे झुकून, हात लांब करून, तुटलेला धागा सांधायचा, आडव्या सुताचा धोटा बदलायचा, वर ओवणीपर्यंत, म्हणजे ताण्याचे धागे ओवलेल्या चौकटीपर्यंत, पोचायचं. लुळ्या हाताचं ते काम नव्हे. मी बोटांवर हिशेब केला. दसऱ्याला जवळजवळ सात आठवडे होते. तेवढ्यात खांदा मोकळा व्हायला हरकत नव्हती. "होईल," म्हणालो मी. "दसऱ्याला साच्यावर उभा राहशील."

तो दर रविवारी यायचा. मी खांद्यावर बोट ठेवून विचारायचो, "कसं आहे?"

"बरा आसा, वैद्यबुवा."

"इथं दुखतं?"

"नाय."

"इथं?"

"नाय, नाय. बरा आसा."

दुसऱ्या रविवारी मी त्याला सांगितलं, पट्टी सोडून रोज तेल लाव, वाकून उभा राहा आणि हात घड्याळाच्या लंबकासारखा हलव. त्याने मान हलवली. तिसऱ्या रविवारी विचारलं, हलवतोस ना? त्याने मान हलवली. चौथ्या रविवारीही तेच. असा शहाणा रोगी मला मिळाला नव्हता. गिरगावातले कारकून मनगट जरा लचकलं तर खोलीभर कण्हायचे, आणि हा गिरणीतला माणूस हूं की चूं करत नव्हता. त्याचं उदाहरण मी कारकुनांना देत असे. त्याची बायको दरवेळी काहीतरी बोलायला तोंड उघडायची, आणि मी दरवेळी म्हणायचो, "बाई, ज्याचं दुखणं त्याला बोलू द्या."

पाचव्या रविवारी मी ओट्यावरच्या मंडळींसमोर त्याला उभा केला. हात वर जाताना त्यांनी बघावा अशी माझी हौस होती. म्हटलं, "उचल."

हात छातीपर्यंत आला आणि थांबला. तो ओठ चावून उभा होता, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि हात काही केल्या तिथून वर जाईना. मी खांद्याला हात लावला. खांदा पार धरला होता. असा खांदा तीन आठवडे रोज हलवलेला असणं शक्यच नव्हतं. दसऱ्याला तेरा दिवस उरले होते.

मी भडकलो. चारचौघांत त्याला नाही नाही ते बोललो. आळशी म्हणालो, खोटारडा म्हणालो, वैद्याची बदनामी करायला आलास का, असंही म्हणालो. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्याच्या बायकोने मात्र ऐकून घेतलं नाही.

"तेंका कित्याक बोलतास?" ती पुढे येऊन म्हणाली. "घराक हात हलयनत नाय ते. रात्रभर कण्हतत. आनि हंय येवन तुमका सांगतत, बरा आसा. कशे सांगतले? तुमी इचारतास आनि ओढतास! दुखता म्हटला तर परत ओढशात, ह्या भियान ते खोटा सांगतत."

ओट्यावर कुणीतरी फिस्कन हसलं. मला ती बाई तिथेच थोबाडून काढावीशी वाटली. बायकांना हाडातलं काय कळतं, असं काहीतरी माझ्या तोंडात आलं होतं. पण खात्री करून घ्यावी म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "काल काय जेवलास?"

माझ्या हाताखाली त्याचा खांदा कानापर्यंत चढला. दंड, मान, पाठ सगळं आवळून दगड झालं. आणि तोंडाने तो म्हणत होता, "भात जेवलंय. बरा आसा."

मी हात काढून घेतला.  हा एकटाच नव्हता. गेल्या तीन-चार वर्षांत पट्टी बांधून घेऊन गेलेले आणि परत येऊन "बरं आहे, बरं आहे" म्हणणारे किती जण मला आठवले. पुढे यायचेच बंद झालेले आठवले. ते बरे झाले म्हणून आले नाहीत, असं मी धरून चाललो होतो. माझ्या तोंडून प्रश्न निघाला की माणसाचं अंग आवळायचं, आणि ज्याला खरं उत्तर द्यावं असा मी एकदाही कुणाशी वागलो नव्हतो. रोग्याचं अंग सैल पडावं म्हणून काढलेली ही युक्ती होती, आणि तिच्यामुळे तीच अंगं कायमची आवळून बसली होती. आणि मी डॉक्टरांना हसत होतो!

मी ओट्यावरच्यांना हाकलून दिलं. शिरस्तेदार म्हणाला, "आता तर कुठं रंगत येत होती." त्याचं आसन मी उचलून गटाराकडे भिरकावलं. दार लोटून घेतलं आणि विणकराला खाली बसवलं.  हाडाबद्दल रोग्याशी बोलायची सवयच नव्हती. शेवटी म्हणालो, "हे बघ. आजपासून मी तुला काही विचारणार नाही. काय करणार ते आधी सांगेन, मग करेन. दुखलं की 'बस' म्हण. मी तिथेच थांबेन."

त्याने मान हलवली. मला ती मान आता चांगली ओळखू येत होती. त्याचा काडीचाही विश्वास बसला नव्हता.

मी म्हणालो, "आता मी तुझं कोपर हातात घेतो." अजून हात लावलाही नव्हता तोच तो म्हणाला, "बस." मी थांबलो. परत सांगितलं, परत हात पुढे केला. "बस." परत थांबलो. असं सात-आठ वेळा झालं. त्याला हात न लावता मी हात पुढे करत होतो आणि मागे घेत होतो. दाराच्या फटीतून डोकावणारे लोक खिदळत होते. वैद्याला वेड लागलं, अशी बातमी दुपारपर्यंत वाडीच्या टोकाला पोचली होती. मला इतका राग येत होता की दात दुखायला लागले. पण नवव्या वेळी त्याने कोपर धरू दिलं, आणि 'बस' म्हणाला तेव्हा मी तिथल्या तिथे सोडलं. त्या दिवशी खांदा तसूभरही हलला नाही.

तेव्हापासून तो रोज यायला लागला. भिंतीशी उभा राहायचा, बोटं भिंतीवरून वर चढवत न्यायची, आणि जिथे थांबतील तिथे मी कोळशाने रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या वर जायचं. एवढंच. मी शेजारी बसून सांगत असे, आता ओढ बसेल, आता आत जळजळेल, ती तीन श्वासांत जाईल, गेली नाही तर मला सांग. सुरुवातीला मी बोलत होतो तेवढंच. मग तो सांगायला लागला. कुठे टोचतं, कुठे नुसतं ताणतं, कुठे 'मुंगये चलतत'. खांद्याच्या आत काय चालतं हे मला दहा वर्षं तालमीत राहून कळलं नव्हतं. ते मला त्याने सांगितलं. इतके दिवस मी आंधळ्यासारखा हाडं चाचपत होतो, आणि ज्याला सगळं ठाऊक होतं त्यालाच गप्प बसवत होतो.

एक दिवस त्याला निजवून मी हात वर नेत होतो. खांद्यात एके जागी धरून बसलेलं काहीतरी माझ्या तळव्याला लागलं. ताणलेल्या सुतळीसारखं. आणखी बोटभर नेलं असतं तर ते सुटलं असतं. माझी तशी खात्री होती. दसऱ्याला पाच दिवस होते. त्याच क्षणी तो म्हणाला, "बस."

माझे हात शिवशिवत होते. एक झटका, आणि सगळं संपलं असतं. दसऱ्याचं नाव पुढे केलं असतं तर कुणी मला दोषही दिला नसता. मी थांबलो. हात आहे तिथेच धरून ठेवला आणि म्हणालो, "थांबलो." त्याने डोळे उघडले, हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटून म्हणाला, "आता न्या. जरा फुडे." ते सुटलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझ्याही आलं. हे मी वकिलाला कधी सांगितलेलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी त्याचा हात कपाळापर्यंत जात होता. तो तोरणाची पानं लावलेल्या साच्यापाशी उभा राहिला. जॉबरने त्याला ओवणीपर्यंत हात न्यायला सांगितला. नेला, पण तिथे टिकेना. जॉबरने बदलीवाल्याला नारळ फोडायला सांगितला. झालं. बारा वर्षांचे साचे गेले. खांदा पुरता मोकळा झाला तो तुळशीच्या लग्नाला. साधारण चार आठवडे उशिरा. म्हणजे चार रविवार तो मला 'बरा आसा' म्हणत होता आणि मी खूश होत होतो, तेवढेच.

मग जे झालं ते गिरगावकरांना फार आवडतं. साचे गेल्यावर तो गिरणीच्या दारात बदली म्हणून उभा राहू लागला. तिथे रोज सकाळी पन्नास माणसं ताटकळत उभी, प्रत्येकाचं काही ना काही दुखणारं. त्याने त्यांना हात वर करून दाखवला आणि सांगितलं, गिरगावात एक वैद्य आहे, 'बस' म्हटलं की थांबतो. बस्स, एवढंच सांगितलं. महिन्याभरात परळहून, लालबागहून, दादरहून माणसं यायला लागली. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाची बोटं साच्यात सापडलेली. ओटा पुरेना म्हणून शेजारची खोली घ्यावी लागली. भिंती कोळशाच्या रेघांनी काळ्या झाल्या आणि घरमालक रोज कपाळाला हात लावू लागला.

लोक मात्र लोकच. काल ज्यांना आवाज हवा होता त्यांनाच आता वैद्याने समजावून सांगावं अशी ऐट आली. एक कारकून तर नुसता अंदाज घ्यायला 'बस' म्हणायचा आणि मी थांबलो की बायकोकडे बघून हसायचा. शिरस्तेदार नवीन आसन घेऊन आला आणि मी रोग्याला जे सांगेन ते बाहेरच्यांना पुन्हा सांगू लागला, आणि तेही चुकीचं. गल्लीच्या तोंडाच्या डॉक्टरांनी आपला कंपाउंडर पाठवून विचारलं, तुम्ही रोग्याशी इतकं काय बोलता? म्हटलं, स्वतः येऊन बघा. ते आले नाहीत. मीही त्यांच्याकडे कधी गेलो नाही, म्हणजे दोघेही सारखेच. हाड बसवतानासुद्धा मी विचारणं सोडलं. आता सांगतो, तीन श्वास घे, तिसरा सोडलास की मी ओढणार. आणि तिसऱ्यालाच ओढतो. दहातले आठ जण अंग सैल सोडतात. वस्तादांना हे सांगितलं तेव्हा ते थुंकले आणि म्हणाले, रोग्याच्या हातात लगाम दिलास. त्यांचं बरोबर होतं.

हे सगळं सुरळीत चालू लागल्यावर, मार्गशीर्षातल्या एका सकाळी तो विणकर बायकोला घेऊन आला. पायरीवर नारळ ठेवला आणि माझ्यासमोर बसला. तेव्हा खोलीत आठ-दहा रोगी होते, ओट्यावर आणखी तितकेच. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "वैद्यबुवा, चुकी माझी. तुमी इचारीत होतास आनि मी तुमका खोटा सांगलंय. बरा आसा, बरा आसा करीत रवलंय. म्हणान साचे गेले. तुमी खराच सांगीत होतास. माका माफ करा."

 खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की अरे, खोटं तू नाही बोललास, तुला खरं बोलायची चोरी मी केली होती. साचे माझ्यामुळे गेले. दहा-पंधरा शब्द होते. मी दिवसभर परक्या माणसांना त्यांच्या सांध्यांतलं सगळं काही सांगत होतो. हे एवढे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. समोर नवे रोगी बसले होते. ते काय म्हणतील, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू, हेच आलं.

मी त्याच्या बऱ्या झालेल्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनाने म्हणालो, "असू दे. माणूस आहे, चुकतो."

तो वाकून माझ्या पाया पडला. ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, याला म्हणतात वैद्य. त्याची बायको दाराशी उभी होती.  तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, पदर सारखा केला आणि पायरी उतरून गेली.

पुढे तो मला अधूनमधून भेटत राहिला, रोगी पाठवत राहिला. तीन-चार वर्षांनी एकदा आला तेव्हा मी सहज विचारलं, घरची मंडळी कशी आहेत. म्हणाला, बायकोचा पाय मुरगळला होता, महिनाभर लंगडत होती, आता बरी आहे. मी म्हटलं, अरे, मग इकडे का नाही आणलीस?

तो हसत म्हणाला, "मी सांगलंय तिका, वैद्यबुवांकडे चल. तर म्हणता कशी, थंय नको. लालबागेत एक म्हातारी चोळता, थंय गेली. बायल माणसांक काय कळता, वैद्यबुवा?"

मीही हसलो. त्याला म्हटलं, खरं आहे.